अंगणाची शोभा : क्रोटन की मोरपंखी?

मृगाचा पाऊस पडला की रोपवाटिकांतून शोभेच्या झाडांची मागणी वाढू लागते. शाळा, ग्रामपंचायतीची कचेरी, दवाखाना अथवा देवळाचे आवार यांच्या दर्शनी भागी चार चांगली झाडे असावीत, ही इच्छा स्तुत्यच होय. रोपवाटिकेत पाऊल टाकणाऱ्याची दृष्टी प्रथम खिळते ती क्रोटनवर. तांबडा, पिवळा, नारिंगी, जांभळा अशा नाना रंगांनी नटलेली ती पाने फुलांनाही मागे सारतात. शेजारीच मोरपंखीची हिरवी, शंकूच्या आकाराची रोपे उभी असतात. परंतु साधी दिसत असल्यामुळे ती तेथेच राहतात आणि गाडीत भरून गावी येतात ती बहुधा क्रोटनची रोपे. ही निवड प्रत्येक गावी योग्य ठरते काय, याचा विचार मात्र क्वचितच होतो.

शोभेचे झाड जुलैत विकत घेतले जाते, पण त्याची खरी परीक्षा मे महिन्यात होते. झाडाची निवड करताना जुलैतील रंग न पाहता मे महिन्यातील पाणी पाहावे, हेच या विषयातील मुख्य सूत्र होय.

क्रोटन हे मूळचे मलाया, इंडोनेशिया व पॅसिफिक महासागरातील बेटे या उष्ण व दमट मुलखातील झुडूप आहे. ते एरंडाच्या कुळातील असून त्याचे शास्त्रीय नाव कोडिअम व्हेरिगेटम असे आहे. जमालगोटा ज्या क्रोटन वंशात मोडतो, त्या वंशाचे हे झाड नव्हे. केवळ व्यवहारात त्यास क्रोटन म्हणतात. त्याची पाने बहुतेक जातींत रुंद असतात व त्यांतून पाण्याचे बाष्पीभवन पुष्कळ होते. पानांचा रंग खुलण्यासाठी भरपूर उजेड लागतो. दाट सावलीत ठेवल्यास ती हिरवी पडू लागतात. मात्र तोच उजेड कोरड्या व तप्त वाऱ्यासह आला की पानांच्या कडा करपतात आणि झाड पाने टाकू लागते. कडक थंडीही त्यास मानवत नाही. थोडक्यात, त्यास उजेड हवा, ओल हवी आणि हवेत दमटपणाही हवा.

मोरपंखीची प्रकृती याहून निराळी. हा सूचिपर्णी वर्गातील वृक्ष मूळचा उत्तर चीन व कोरिया या भागांतील असून रोपवाटिकांत तो थुजा या नावाने विकला जातो. त्याची पाने बारीक खवल्यांसारखी असून डहाळीला चिकटलेली असतात. त्यामुळे बाष्पीभवन कमी होते, आणि एकदा मुळे खोल गेली म्हणजे हे झाड उन्हाळा बऱ्याच धीराने काढते. त्याची डहाळी पुस्तकात ठेवली की विद्या येते, ही शाळकरी मुलांची जुनी समजूत सर्वांना ठाऊक आहेच. विद्या येवो न येवो, झाडाविषयी मुलांना आपुलकी वाटते, हा लाभही लहान नव्हे.

कोकणात पाऊस 2500 मिलिमीटरच्या वर पडतो आणि हवाही बाराही महिने दमट असते. तेथे क्रोटन मोकळ्या अंगणात आनंदाने वाढते. तेथील शेतकऱ्याने ते अवश्य लावावे. परंतु सोलापूरसारख्या 500 ते 700 मिलिमीटर पावसाच्या अवर्षणप्रवण टापूत, किंवा उन्हाळ्यात 45 अंश सेल्सिअसपर्यंत तापणाऱ्या विदर्भात, उघड्या आवारातील क्रोटनची लागवड म्हणजे पाण्याचे कायमचे कर्ज होय. त्यातून शाळेचे आवार असल्यास अडचण अधिकच. मे महिन्यात शाळेला सुटी असते. विहिरीचे पाणी तळाला गेलेले असते. जे विद्यार्थी वर्षभर तांब्याने पाणी घालीत, ते आपापल्या घरी असतात. जून महिन्यात शाळा उघडते तेव्हा मुलांना दिसतात त्या वाळलेल्या काड्या. रोपांची किंमत गेली, ही हानी थोडी. आपण लावलेले झाड जगत नाही, हा धडा मुलांच्या मनावर ठसतो, ही हानी मात्र पुढील वर्षीही भरून निघत नाही.

आणखी एक गोष्ट विसरू नये. क्रोटनची फांदी मोडल्यास जो चीक निघतो, त्याने कातडीस दाह होऊ शकतो व कपड्यांवर डाग पडतात. पाने अगर साल चघळणे अपायकारक आहे. म्हणून अंगणवाडीच्या दारात, बालकांच्या हाताला येईल असे हे झाड लावू नये. मोरपंखीची पानेही खाण्याची नव्हेत, हेही मुलांना सांगून ठेवावे.

याचा अर्थ मोरपंखी सर्वगुणसंपन्न आहे असा नव्हे. ती सावकाश वाढते. ज्यास एका वर्षात आडोसा हवा आहे, त्याची ती निराशा करील. भारी काळ्या जमिनीत पाणी साचून राहिल्यास तिची मुळे कुजतात. अशा ठिकाणी माती उंच करूनच रोप लावावे. तिची छाटणी हलकी, हिरव्या शेंड्यांपुरतीच करावी. पाने नसलेल्या जुन्या लाकडापर्यंत कापल्यास तेथे पुन्हा फूट येत नाही आणि झाड कायमचे विद्रूप होते. क्रोटनचे तसे नाही; ते छाटणीनंतर पुन्हा फुटते. शिवाय पावसाळ्यात गुटी कलम बांधल्यास एका झाडापासून अनेक रोपे घरच्या घरी तयार होतात. हा गुण शेतकऱ्याच्या दृष्टीने मोलाचा आहे.

तेव्हा देशावर, मराठवाड्यात व विदर्भात उघड्या, उन्हाच्या व पाण्याची शाश्वती नसलेल्या आवारात मोरपंखी पसंत करावी. क्रोटनचा मोह सुटत नसेल तर दोन-चार झाडे कुंड्यांत लावून पूर्वेकडील ओसरीवर, सकाळचे ऊन मिळेल व दुपारचे टळेल अशा जागी ठेवावीत. भांडी धुतलेले साबणविरहित पाणी त्यांना पुरते. उन्हाळ्यात पानांखाली लाल कोळी दिसू लागल्यास पाने पाण्याने धुवावीत. पिठ्या ढेकणासाठी 5 टक्के निंबोळी अर्क फवारावा.

मोरपंखीसाठी उन्हाळ्यातच दोन फूट लांब, रुंद व खोल खड्डे घेऊन ते तापू द्यावेत. नंतर चांगली माती व कुजलेले शेणखत यांनी भरून पहिल्या चांगल्या पावसानंतर रोपे लावावीत. दोन रोपांत पाच ते सहा फूट अंतर ठेवावे. पहिली दोन वर्षे उन्हाळ्यात पाणी द्यावेच लागते; बुंध्याभोवती पाचटाचे किंवा वाळल्या गवताचे आच्छादन केल्यास ओल टिकते. सुटीच्या काळात पाणी कोणी घालावयाचे, हे रोप आणण्यापूर्वीच ठरवून त्या व्यक्तीचे नाव ग्रामसभेत जाहीर करावे.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी लागवडीची संख्या सांगण्यापेक्षा पुढील जूनमध्ये किती झाडे हिरवी राहिली, ते मोजावे. शंभर रंगीत रोपे लावून दहा जगविण्यापेक्षा वीस हिरवी रोपे लावून वीसही जगविणे अधिक शोभेचे आहे. गावाच्या आवाराची शोभा पानांच्या रंगात आहे त्याहून अधिक ती पाने उन्हाळ्यानंतरही झाडावर असण्यात आहे.