विसाव्या रस्त्यावरचं चर्च

न्यूयॉर्कच्या सिक्स्थ अव्हेन्यूवर, विसाव्या रस्त्याच्या नाक्यावर, तपकिरी दगडाची एक गॉथिक वास्तू आहे. चर्च ऑफ द होली कम्युनियन हे तिचं मूळ नाव. १८४०च्या दशकातलं हे एपिस्कोपल चर्च, रचना रिचर्ड अपजॉन यांची. मला मात्र मनोऱ्यापेक्षा तिथल्या बाकांची गोष्ट मोलाची वाटते. त्या काळी चर्चमधली बाकं पैसेवाली घराणी भाड्याने घेत. गरिबाने कुठेतरी मागे अंग चोरून बसायचं. इथले धर्मगुरू विल्यम म्यूलेनबर्ग यांनी ती चालच मोडली. बाकाला भाडं नाही, कुणीही यावं, बसावं. १८४६मध्ये याच मंडळींपुढे त्यांनी रुग्णालयासाठी झोळी पसरली आणि त्यातून पुढे सेंट ल्यूक्स हॉस्पिटल उभं राहिलं. केवढं हे मन! नंतर वस्ती पांगली, १९७०च्या दशकात प्रार्थना थांबल्या. मग व्यसनमुक्ती केंद्र आलं आणि १९८३मध्ये ‘लाइमलाइट’ हा नाइटक्लब. रंगीत काचांच्या खिडक्यांखाली पहाटेपर्यंत नाच चाले. अमली पदार्थांपायी पोलिसांनी टाळंही ठोकलं. पुढे दुकानं, मग व्यायामशाळा. शहराने १९६६मध्येच वारसा दर्जा दिल्यामुळे बाहेरचा दगड शाबूत राहिला. नाच झाला याचं मला दुःख नाही; जिथे बसायला पैसे पडत नव्हते, त्या दारात तिकीट आलं, याचं आहे. वारसा वास्तूंच्या याद्या करणाऱ्यांनी दगडाबरोबर दाराचाही विचार करावा. अशा प्रत्येक वास्तूत निदान एक दालन सर्वांसाठी विनामूल्य खुलं ठेवण्याची अट घालावी.