ठशांचे कपाट : कोलकाता १८९७ ते ‘नाफिस’

१८९७ साली कोलकात्यात जगातील पहिले अंगुलिमुद्रा केंद्र स्थापन झाले. कैद्यांच्या ठशांच्या पत्रिका तेथे ज्या पद्धतीने लावल्या जात, तिच्यात ३२ आडवे व ३२ उभे असे एकूण १०२४ कप्पे होते. पोलिसांकडील माहिती कशी साठते आणि कोणावर उलटते, हे समजून घ्यायचे तर या कप्प्यांपाशी थोडे थांबावे लागते.

ठसा घेण्याची कल्पना तेव्हा नवी नव्हती. बंगालमधील जंगीपूर येथे विल्यम हर्शेलने १८५८ सालीच एका कंत्राटदाराच्या करारावर त्याच्या पंजाचा ठसा उमटवून घेतला होता. अडचण होती ती शोधण्याची. हजारो पत्रिका जमल्यावर समोरच्या माणसाची नेमकी पत्रिका काढायची कशी?

उत्तर शोधले बंगाल पोलिसांतील दोन भारतीयांनी, अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस यांनी. हक हे गणिताचे. दहा बोटांच्या पाच जोड्या करायच्या. जोड्यांना १६, ८, ४, २, १ अशी किंमत द्यायची. बोटावर भोवरा असेल तर ती किंमत धरायची, नसेल तर शून्य. प्रत्येक जोडीतील एक बोट एका बेरजेत, दुसरे दुसऱ्या बेरजेत. अशा दोन बेरजांवरून कप्पा ठरे. ‘आहे की नाही’ एवढ्या एकाच प्रश्नावर उभी असलेली ही रचना म्हणजे संगणकाच्या द्विमान गणिताचीच जात. जगभर ती ‘हेन्री पद्धत’ म्हणून ओळखली गेली, कारण एडवर्ड हेन्री हा दोघांचा साहेब होता. (हाताखालच्याची बुद्धी साहेबाच्या नावावर चढण्याची रीत कचेऱ्यांत आजही सुखरूप आहे.)

पद्धतीचा कस लागला जलपैगुडीत. तेथील चहामळ्याच्या व्यवस्थापकाचा खून झाला. एका बंगाली पंचांगावर रक्ताळलेला ठसा सापडला. तो कांगाली चरण या जुन्या नोकराच्या पत्रिकेशी जुळला. पूर्वीच्या चोरीच्या शिक्षेमुळे त्याची पत्रिका कपाटात होती. १८९८ साली न्यायालयाने त्याला चोरीबद्दल दोषी धरले, खुनाबद्दल मात्र नाही. ठसा एवढेच सांगतो की हा हात येथे लागला होता. त्या हाताने सुरी चालवली, हे तो सांगत नाही. नव्या तंत्राच्या पहिल्या दिमाखातही न्यायालयाने राखलेला हा संयम दाद देण्याजोगा आहे.

येथवरची कथा अभिमानाने सांगितली जाते. पुढची सहसा गळते.

१८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्यानुसार सरकार एखादी जमात ‘गुन्हेगार’ म्हणून जाहीर करी आणि मग तिच्या माणसांची नोंदवही तयार होई. त्या जाहीरनाम्याला न्यायालयात आव्हान देता येत नसे. नोंदीसाठी गुन्हा सिद्ध होण्याची गरज नव्हती. जन्म पुरे होता. १९११ च्या कायद्याने ही व्यवस्था मुंबई इलाख्यातही येऊ शकली आणि नोंदवलेल्या प्रत्येकाचे ठसे घेण्याचा अधिकारही मिळाला. हक-बोस यांचे गणित आणि जातीची नोंदवही येथे एकत्र आली. सोलापूरच्या सेटलमेंटमधील तारेचे कुंपण आणि रोजची हजेरी हे त्याच व्यवस्थेचे दृश्य रूप. जलपैगुडीत ठसा पुरावा होता. येथे तो आगाऊ शिक्षा झाला.

३१ ऑगस्ट १९५२ रोजी कायदा गेला, जमाती ‘विमुक्त’ झाल्या. पाठोपाठ सराईत गुन्हेगारांसाठीचे कायदे आले; मुंबई राज्याचा १९५९ चा. त्यांत जन्माऐवजी शिक्षेचा निकष होता, हा फरक खरा आणि मोठा आहे. पण ठाण्यातील संशयाची सवय कायद्याबरोबर रद्द होत नाही. चोरी झाली की पारध्यांच्या पालावर जीप जाते, हे महाराष्ट्राला सांगावे लागू नये. मे २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही, केवळ वंचित समाजातील आहेत म्हणून निरपराधांची नावे हिस्ट्रीशीटमध्ये यांत्रिकपणे चढवली जाऊ नयेत, याकडे लक्ष वेधले.

आता कपाटाची जागा ‘नाफिस’ या राष्ट्रीय ठसे-प्रणालीने घेतली आहे. अटक झालेल्या व्यक्तीला तीत दहा अंकी क्रमांक मिळतो आणि देशातील कोणत्याही कोपऱ्यातून तो जुळवता येतो. तपासाला याचा उपयोग निर्विवाद आहे. चुकीच्या माणसाची सुटकाही यातूनच लवकर होऊ शकते. आक्षेप वेगाला नाही. जो संशय जीप पालावर नेतो, तोच आता क्रमांकही देतो, आणि क्रमांक दिला की संशयाला तटस्थ आकड्याचे रूप येते.

त्यात २०२२ च्या फौजदारी प्रक्रिया (ओळख) कायद्याने नोंद ७५ वर्षे ठेवण्याची मुभा दिली. पूर्वी शिक्षा न झालेला माणूस निर्दोष सुटला आणि अपिलाचे मार्ग संपले, की नोंद नष्ट करावी, असेही कायदा म्हणतो. मात्र न्यायालयाला कारणे नोंदवून वेगळा आदेश देता येतो. नियमांनुसार नोंद नष्ट करण्याची विनंती जायची ती नोडल अधिकाऱ्याकडे. नोंद आपोआप चढते. उतरताना मात्र अर्ज हवा, निकालाची प्रत हवी, ती मिळवून देणारा वकील हवा.

पोलीस ठाणी, न्यायालये आणि तुरुंग यांना जोडणारी संगणकीय यंत्रणा सरकारने उभारलेलीच आहे. निकाल त्याच जाळ्यातून ठाण्यापर्यंत पोहोचू शकत असताना, निर्दोष सुटलेल्या पालावरच्या पोराने अर्ज हाती घेऊन नोडल अधिकारी शोधत फिरावे, याला निदान तांत्रिक कारण तरी उरलेले नाही.