काखेत कोळसा, गावाला वळसा

जून २०२५ मध्ये इस्रायल-इराण संघर्ष भडकला आणि इराणच्या संसदेने होर्मुझची सामुद्रधुनी बंद करण्याच्या बाजूने कौल दिला. त्या वेळी सामुद्रधुनी बंद झाली नाही. परंतु ते काही दिवस दिल्लीतील मंत्रालयांपासून गावच्या पेट्रोल पंपापर्यंत सर्वांचे डोळे त्या चिंचोळ्या जलमार्गाकडे लागले होते. सन २०२४-२५ मध्ये भारताने आपल्या गरजेपैकी सुमारे ८८ टक्के खनिज तेल बाहेरून आणले. त्याच वर्षी याच देशाने १०० कोटी टनांहून अधिक कोळसा भूगर्भातून काढला. १ एप्रिल २०२३ च्या गणनेनुसार या भूमीच्या पोटात सुमारे ३७,८०० कोटी टन कोळसा आहे. ‘काखेत कळसा आणि गावाला वळसा’ ही म्हण ज्याने रचली, त्याला हे दृश्य पाहून काय वाटले असते?

कोळशापासून तेल काढणे ही जादूटोण्याची गोष्ट नव्हे. ऑक्सिजन आणि वाफ यांच्या साहाय्याने कोळशाचे वायूत रूपांतर करायचे, त्यातील कार्बन मोनॉक्साइड व हायड्रोजन शुद्ध करून लोह किंवा कोबाल्टच्या उत्प्रेरकावरून न्यायचे, की डिझेलसारखे द्रव इंधन हाती येते. फ्रान्झ फिशर आणि हान्स ट्रॉप्श या शास्त्रज्ञांनी १९२५ च्या सुमारास जर्मनीत ही प्रक्रिया सिद्ध केली. जेथे खाण खणणे परवडत नाही, तेथे खोलवरचा कोळसा जागेवरच पेटवून त्याचा वायू विहिरीवाटे वर आणण्याचेही तंत्र आहे. सोव्हिएत काळात, १९६१ साली, उझबेकिस्तानातील आंग्रेन येथे या पद्धतीने वायूचे उत्पादन सुरू झाले. म्हणजे विज्ञान जुने आहे. प्रश्न आहे तो संकल्पाचा.

संकल्प म्हणजे काय, हे दक्षिण आफ्रिकेकडे पाहून कळते. तेथील वंशभेदी राजवट निंद्यच होती आणि तिच्याशी व्यापार तोडणारा पहिला देश भारत होता, याचा अभिमानच बाळगला पाहिजे. परंतु इंधनाच्या बाबतीत त्या देशाने जे केले, ते डोळसपणे अभ्यासावे असे आहे. ‘सासोल’ ही कंपनी १९५० साली स्थापन झाली आणि १९५५ मध्ये तिने कोळशापासून तेल काढून दाखविले. १९७९ च्या क्रांतीनंतर इराणने तेल बंद केले, तेव्हा सेकुंडा येथे प्रचंड कारखाने उभे राहत होतेच. त्यांची क्षमता दररोज सुमारे दीड लाख बॅरलपर्यंत गेली. तेलाचे भाव घसरले तेव्हा सरकारने या उद्योगाला संरक्षण दिले. १९९४ मध्ये ती राजवट गेली, लोकशाही आली. कारखाने मात्र चालूच राहिले. चीननेही २००८ मध्ये ऑर्डोस येथे आणि २०१६ मध्ये निंग्शिया येथे कोळशापासून तेल काढणारे महाप्रकल्प सुरू केले. त्यांतील निंग्शियाचा प्रकल्प वर्षाला ४० लाख टनांचा आहे.

करार झाले, विहीर पेटली नाही

आणि भारतात? ओएनजीसीने २००४ साली मॉस्कोच्या स्कोचिन्स्की खाणकाम संस्थेशी करार केला. सुरत जिल्ह्यातील वस्तान येथील लिग्नाइटचा पट्टा भूमिगत वायूकरणासाठी निवडला गेला. अहवाल झाले, बैठका झाल्या. विहीर काही पेटली नाही. २००९ मध्ये ओडिशातील तालचेर परिसरातले दोन कोळसापट्टे तेलनिर्मितीसाठी खासगी उद्योगांना दिले गेले. पण वाटपाची ती पद्धतच सदोष होती. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने २१४ पट्ट्यांचे वाटप रद्द केले आणि कोळशापासून तेल काढण्याचे ते स्वप्नही कागदावरच राहिले. भ्रष्ट व्यवस्थेची किंमत केवळ तिजोरीला मोजावी लागत नाही, ती राष्ट्राच्या वेळेलाही मोजावी लागते.

त्यानंतर सर्व सुरळीत झाले, असे म्हणणे मात्र आत्मवंचना ठरेल. भूमिगत वायूकरणाचे धोरण डिसेंबर २०१५ मध्ये मंजूर झाले. झारखंडच्या जामताडा जिल्ह्यातील कास्ता येथील पहिला प्रायोगिक प्रकल्प सुरू व्हायला जून २०२४ उजाडला. तालचेरच्या कोळशाधारित खत कारखान्याची पायाभरणी सप्टेंबर २०१८ मध्ये झाली. २०२४ साल सरले तरी त्यातून युरियाची एक गोणी बाहेर पडली नव्हती. त्याच्या उभारणीचे कंत्राट एका चिनी कंपनीकडे गेले होते, हे तर अधिकच बोचणारे आहे. सरकार आपल्या विचाराचे आहे म्हणून प्रश्न विचारायचे नाहीत, ही स्वयंसेवी वृत्ती नव्हे. ती भाटगिरी झाली.

आक्षेपांना उत्तर

भारतीय कोळशात राख फार, हा पहिला आक्षेप. तो खरा आहे, पण निर्णायक नाही. सासोलचा कोळसाही राखेचाच आहे. अंगुल येथे देशी कोळशाच्या वायूवर पोलाद उद्योग उभा राहिला आहे आणि हैदराबादेत भेलने अधिक राखेच्या भारतीय कोळशापासून मिथेनॉल काढणारे प्रायोगिक संयंत्र जानेवारी २०२२ मध्ये कार्यान्वित केले.

पर्यावरणाचा आक्षेप अधिक गंभीर आहे. ऑस्ट्रेलियातील चिंचिला येथे भूमिगत वायूकरणाने माती व भूजल दूषित झाले. क्वीन्सलँड राज्याने २०१६ मध्ये या तंत्रावर बंदी घातली आणि २०१८ मध्ये संबंधित कंपनीला ४५ लाख डॉलरचा दंड झाला. भूमीला माता म्हणणाऱ्यांनी हा धडा विसरता कामा नये. कर्बवायूचे उत्सर्जनही खनिज तेलाच्या तुलनेत खूप अधिक होते. म्हणून तो वायू पकडून साठविण्याची सक्ती पहिल्या दिवसापासून हवी. परंतु दोनशे वर्षे कोळसा जाळून श्रीमंत झालेल्यांनी भारताला संयमाची प्रवचने द्यावीत आणि येथील विद्वानांनी माना डोलवाव्यात, हे मान्य होणारे नाही.

तिसरा आक्षेप ‘बाहेरचे तेल स्वस्त पडते’ हा. बाहेरचे तेल स्वस्त असते ते विकणाऱ्याची मर्जी असेपर्यंत. सर्व तेल कोळशातून काढा, असे कोणी म्हणत नाही. सैन्य, रेल्वे आणि शेती संकटकाळात थांबू नये एवढा वाटा तरी स्वतःचा असावा, एवढीच मागणी आहे.

केंद्राने जानेवारी २०२४ मध्ये वायूकरणासाठी ८,५०० कोटी रुपयांचे साहाय्य मंजूर केले. २०३० पर्यंत वर्षाला १० कोटी टन कोळशाच्या वायूकरणाचे उद्दिष्ट आहे. चंद्रपूर जिल्ह्यातील भद्रावतीसाठीही असे प्रकल्प जाहीर झाले आहेत. हे पाऊल स्वागतार्ह आहे. पण तेलाचे भाव पडताच प्रकल्प गुंडाळले जाणार नाहीत याची हमी, स्वदेशी यंत्रसामग्री आणि दरवर्षी संसदेपुढे प्रगतीचा हिशेब, या तीन गोष्टींवाचून तो आकडाही वस्तानच्या वाटेने जाईल. विदर्भाच्या मातीखाली कोळसा आजही पडून आहे. तो वाट पाहू शकतो. राष्ट्राला तेवढी सवड नाही.