विश्लेषण : पंचाच्या हाती शिट्टी, मग पगार कुठे? परभणीच्या तरुणाला पंचगिरीत करिअर करता येईल का?

अहिल्यानगरमध्ये २ फेब्रुवारी २०२५ रोजी महाराष्ट्र केसरीच्या आखाड्यात पंचाला लाथ बसली आणि त्याची चित्रफीत काही मिनिटांत राज्यभर मोबाइलवर फिरली. पैलवानांचे काय चुकले, पंचाचे काय चुकले, यावर भरपूर चर्चा झाली. पंच होतो कसा, त्याचे पोट कशावर चालते आणि त्याला तयार कोण करते, हे प्रश्न मात्र बाजूलाच राहिले.

नेमके काय घडले होते?

गादी विभागातील लढतीत पृथ्वीराज मोहोळने शिवराज राक्षेला चीतपट केल्याचा निर्णय पंचांनी दिला. दोन्ही खांदे टेकलेच नाहीत, असा राक्षेचा दावा होता. वाद वाढला आणि त्याने पंचाची कॉलर धरून लाथ मारली. त्यानंतर मोहोळविरुद्धच्या अंतिम लढतीत महेंद्र गायकवाडने पंचांशी हुज्जत घालत आखाडा सोडला. मोहोळ महाराष्ट्र केसरी ठरला, तर राक्षे आणि गायकवाड यांच्यावर तीन वर्षांची बंदी आली. पंचांच्या निर्णयावरही प्रश्नचिन्ह उभे राहिले. त्याआधी जानेवारी २०२३ मध्ये पुण्यातील स्पर्धेत सिकंदर शेख आणि गायकवाड यांच्या लढतीतील गुणांवरून वाद पेटला, तेव्हा पंचाला फोनवरून धमकी आल्याची तक्रार पोलिसांत गेली होती.

कुस्तीत निर्णय एकट्या पंचाचा असतो का?

नाही. जागतिक कुस्ती संघटनेच्या नियमांप्रमाणे गादीवर पंच, बाजूला दुसरा अधिकारी आणि त्यांच्यावर मॅट चेअरमन असे तिघे असतात. चीतपट जाहीर करण्यापूर्वी पंचाला इतरांची संमती घ्यावी लागते. गुणांबद्दल शंका असेल तर प्रशिक्षक आव्हान देऊन चित्रफीत पाहण्याची मागणी करू शकतो. ही रचना पंचाला चुकीपासून वाचवते आणि पैलवानाला अन्यायापासून. पण प्रेक्षकांना दिसतो तो गादीवरचा एकटा माणूस, त्यामुळे सगळा रागही त्याच्याच वाट्याला येतो.

मग करिअरची शिडी कुठे आहे?

सर्वांत स्पष्ट शिडी क्रिकेटमध्ये आहे. परभणी जिल्हा महाराष्ट्र क्रिकेट संघटनेच्या कक्षेत येतो. म्हणजे इथल्या तरुणासाठी पहिली पायरी राज्य संघटनेची परीक्षा, पुढे बीसीसीआयच्या परीक्षा आणि त्यानंतर देशांतर्गत सामने. चाळणी कडक असते. २०२२ मध्ये बीसीसीआयने घेतलेल्या एका परीक्षेला सुमारे १४० जण बसले आणि उत्तीर्ण झाले फक्त तीन. त्याच वर्षी अव्वल दोन श्रेणींतील पंचांसाठी प्रथम श्रेणी सामन्याचे मानधन दिवसाला ४० हजार रुपये, तर त्याखालच्या श्रेणींसाठी ३० हजार रुपये होते. अव्वल श्रेणीतील पंचाला रणजीचा चार दिवसांचा एक सामना म्हणजे एक लाख ६० हजार रुपये.

नवी मुंबईच्या वृंदा राठी याच शिडीने वर गेल्या. आधी गुणलेखक, मग पंच. जानेवारी २०२३ मध्ये रणजी सामन्यात उभ्या राहिलेल्या पहिल्या तीन महिला पंचांपैकी त्या एक. आयसीसीच्या एलिट यादीत मात्र आजवर मोजकेच भारतीय पोहोचले. एस. वेंकटराघवन आणि एस. रवी यांच्यानंतर २०२० मध्ये इंदूरचे नितीन मेनन तिसरे ठरले.

क्रिकेटमध्येही आधी हेच होते?

होय. १९८६ मध्ये पाकिस्तान-वेस्ट इंडिज कसोटीत त्रयस्थ देशाचे पंच म्हणून व्ही. के. रामस्वामी आणि पिलू रिपोर्टर लाहोरला उभे राहिले. १४ कसोटी सामन्यांत पंचगिरी केलेल्या रिपोर्टर यांची नोकरी होती राज्य वीज मंडळात. पंचगिरी हा पूर्णवेळ व्यवसाय झाला तो नंतर, खेळात पैसा आल्यावर आणि त्यातला वाटा पंचांपर्यंत पोहोचल्यावर.

कबड्डी-कुस्तीत तसे का झाले नाही?

पैसा इथेही आला. प्रो कबड्डीत २०२३ च्या लिलावात पवन सेहरावतला दोन कोटी ६० लाखांहून अधिक बोली लागली. पण जिल्हा आणि राज्य पातळीवर सरपंच, पंच, गुणलेखक हे बहुतेक क्रीडाशिक्षक, नोकरदार किंवा जुने खेळाडूच असतात. गंगाखेड, जिंतूर किंवा सेलूकडच्या जत्रेतल्या फडावर तर गावातला जाणता पैलवानच पंच. ही माणसे रजा टाकून येतात आणि मानधन-प्रवासखर्चावर दिवसभर उभी राहतात.

बाहेर काय चित्र आहे?

आयर्लंडमध्ये गेलिक फुटबॉल हा हौशी खेळ आहे. खेळाडूंनाही पगार नाही. २०१९ आणि २०२३ चा अखिल आयर्लंड अंतिम सामना सांभाळणारे पंच डेव्हिड गॉफ पेशाने प्राथमिक शिक्षक. ८० हजारांवर प्रेक्षकांसमोर निर्णय देणारा माणूस एरवी वर्गात मुलांना शिकवतो. तिथे मैदानावरचे सगळेच हौशी, त्यामुळे हिशेब निदान सरळ आहे. आपल्याकडे खेळाडू व्यावसायिक होत चालला, स्पर्धेत गदेसोबत चारचाकी मिळू लागली, पंच मात्र हौशीच राहिला. अपेक्षा तेवढी व्यावसायिक अचूकतेची.

काय बदलायला हवे?

तीन गोष्टी खर्चाच्या मानाने मोठा फरक पाडतील. राज्य स्पर्धेत प्रत्येक गादीवर सर्व बाजूंनी कॅमेरे असावेत आणि निर्णयाचे कारण लगेच जाहीर व्हावे. पंचांची दरवर्षी परीक्षा आणि कामगिरीचे गुणांकन व्हावे. चुकला तर त्याला खाली आणावे, पण नियमाने. आणि बक्षिसाच्या रकमेचा ठरावीक भाग पंचांच्या मानधनासाठी राखून ठेवावा.

तोपर्यंत परभणीच्या तरुणासाठी व्यवहारी उत्तर हेच : परीक्षा जरूर द्या, पण हातची नोकरी सोडू नका. क्रिकेटमध्ये वर जाण्याची वाट अरुंद आहे, पण आहे. कुस्ती-कबड्डीतही राष्ट्रीय, आंतरराष्ट्रीय पंचाचा दर्जा मिळवता येतो, त्यावर घर चालवणे कठीण. आणि ज्या कामावर घर चालत नाही, उलट मार खाण्याची भीती असते, त्या कामाकडे हुशार मुले वळत नाहीत. मग चुका वाढतात. त्याची किंमत पंचापेक्षा वर्षभर घाम गाळलेल्या पैलवानाला जास्त मोजावी लागते.