नसांची गोळी औषध की अन्न?

मा. आयुक्त, अन्न व औषध प्रशासन, महाराष्ट्र राज्य
मा. जिल्हा आरोग्य अधिकारी, परभणी



मी सेलूचा. ११ वर्षांपासून शुगरची गोळी, म्हणजे मेटफॉर्मिन, घेतो. चार वर्षांपासून तळपायांना मुंग्या येतात, रात्री आग होते. एकदा देवळापर्यंत चालत गेलो आणि पायरीवर खाली बघितलं, तर डाव्या पायात चप्पलच नव्हती. ती वाटेत कुठे निसटली, पायाला पत्ताच नाही. बायको हसली, मीही हसलो. घरी आल्यावर दोघंही गप्प बसलो.

आमच्याकडे मुंग्या आल्या की माणूस आधी मेडिकलवर जातो. “नसा कमजोर झाल्यात काका, ही घ्या.” मीही घेतली. मग डॉक्टरांनी चिठ्ठीवर वेगळी लिहून दिली. भाच्याने अमेरिकेतून येताना मायेने एक मोठी बाटली आणली. तिन्ही सुरू ठेवल्या. जीवनसत्त्वंच तर आहेत, जास्त झाली तर लघवीवाटे निघून जातील, असं सगळेच म्हणतात.

गेल्या दिवाळीत भिंग घेऊन बसलो आणि तिन्हींवरचं बारीक अक्षर कॅलेंडरच्या मागे उतरवलं. बी ६, म्हणजे पायरिडॉक्सिन, तिन्हींत होतं. मेडिकलवाल्याच्या गोळीत ३ मिलिग्रॅम, डॉक्टरांच्या गोळीत १०, भाच्याच्या बाटलीत १००. बेरीज ११३. शरीराला रोज लागतं साधारण दोन-तीन मिलिग्रॅम.

आयुक्त साहेब, हे बी ६ दुधारी आहे. कमी पडलं तर नसा बिघडतात, आणि फार झालं तरी नसाच बिघडतात. वर लक्षणंही तीच, मुंग्या आणि बधिरपणा. १९८३ साली अमेरिकेतल्या हर्बर्ट शॉमबर्ग या मेंदूविकारतज्ज्ञाने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सात रुग्णांची हकीकत प्रसिद्ध केली. ते रोज काही ग्रॅम बी ६ खात होते आणि त्यांना धड चालता येईना. पुढे त्याहून पुष्कळ कमी मात्रेवरही असे रुग्ण सापडले. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०२३ मध्ये प्रौढांसाठी रोजची वरची मर्यादा १२ मिलिग्रॅमवर आणली. ऑस्ट्रेलियात २०२२ पासून दिवसाला १० मिलिग्रॅमच्या वर बी ६ असलेल्या गोळीवर मुंग्यांचा इशारा छापावाच लागतो. म्हणजे मुंग्या वाढल्या म्हणून माणूस गोळी वाढवतो, आणि गोळीमुळे मुंग्या वाढतात. या फेऱ्यातून त्याला बाहेर कोण काढणार?

माझ्या मुंग्या त्या बाटलीमुळे वाढल्या, असं मी म्हणत नाही. शुगरही कारण असेल. बाटली बंद केल्यावरही काही आठवडे त्रास वाढू शकतो, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. तसा तो वाढलाही, आणि मग हळूहळू थोडा उतरला.

आता तुमच्या खात्याचा प्रश्न. डॉक्टरांनी लिहून दिलेल्या गोळीच्या पाकिटावर औषधाचा परवाना नव्हताच. तिथे १४ आकडी अन्न परवाना होता आणि शेजारी इंग्रजीत ठळक छापलं होतं, की हे औषधी वापरासाठी नाही. कागदावर औषध, पाकिटावर अन्न! इतर राज्यांत कदाचित दोन कार्यालयांनी एकमेकांकडे बोट दाखवलं असतं. महाराष्ट्रात अन्न आणि औषध दोन्ही तुमच्याच छताखाली आहे, म्हणून तुम्हालाच लिहितो. मेडिकलच्या एकाच फळीवर या दोन्ही जातींच्या गोळ्या शेजारी-शेजारी असतात, गिऱ्हाइकाला फरक कळत नाही. निरीक्षकांनी दुकान तपासताना एवढं बघावं, की बी ६ चा रोजचा आकडा भिंगाशिवाय वाचता येतो का. लेबल इंग्रजीत किंवा हिंदीत असलं की नियम पुरा होतो, हे मला ठाऊक आहे. पण दुकानात मराठीतली एक पाटी लावायला कोणता नियम आड येतो? ‘नसांच्या दोन गोळ्या एकत्र घेण्याआधी डॉक्टरांना दोन्ही पाकिटं दाखवा’, एवढंच लिहायचं.

जिल्हा आरोग्य अधिकारी साहेब, तुमच्याकडे मागणं वेगळं आहे. आमच्या भागात खरी उणीव बऱ्याचदा बी १२ ची असते. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये पुणे परिसरातल्या ४४१ मध्यमवयीन पुरुषांची पाहणी मांडली. त्यांतल्या ६७ टक्क्यांत बी १२ कमी निघालं, शाकाहाऱ्यांत जास्त. आमच्या घरी तीन पिढ्या माळकरी. परभणीच्या कृषी विद्यापीठाने प्रसारित केलेल्या ‘परभणी शक्ती’ ज्वारीत लोह आणि जस्त जास्त आहे, त्याचा अभिमानच आहे. पण बी १२ कुठल्याच धान्यात नसतं. ते दूध-दही, अंडी, मासे, मटण यांतच. त्यात मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं घेतली की बी १२ आणखी घटतं. म्हणून शुगरच्या रुग्णाच्या पायाला मुंग्या आल्या, की प्राथमिक आरोग्य केंद्रातूनच बी १२ साठी रक्त जावं. आणि तेही बी १२ चं लाल इंजेक्शन टोचण्याआधी! नंतर तपासलं तर आकडा फुगलेला येतो आणि खरं काय ते झाकलं जातं. नुसतं फॉलिक अॅसिड देऊनही तसंच होतं: रक्त सुधारतं, नसा मात्र बिघडतच राहतात.

सगळ्या मुंग्या जीवनसत्त्वाच्या नसतात, हेही आशाताईंना एकदा सांगून ठेवा. चामडीवर बधिर चट्टा असेल तर तो कुष्ठरोगाचा असू शकतो, त्याची औषधं सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात. ताकदीच्या गोळ्यांत सहा महिने गेले तर हात वाकडा होईपर्यंत कळत नाही. क्षयरोगाच्या रुग्णाची गोष्ट उलटी. त्याच्या आयसोनियाझिडने बी ६ घटतं, त्याला डॉक्टरांनी दिलेली बी ६ ची छोटी गोळी लागतेच. माझं पत्र वाचून त्याने ती बंद करू नये. शुगरवाल्यानेही मेटफॉर्मिन आपल्या मनाने सोडू नये.

शेजारच्या गल्लीतल्या एका बाईंकडे परवा पाच प्रकारच्या गोळ्या निघाल्या. त्यांचा हिशोब अजून मांडायचा आहे, अक्षर फारच बारीक आहे. माझी दोन्ही रिकामी पाकिटं आणि ती बाटली मी जपून ठेवली आहेत. तुमचे निरीक्षक सेलूला येतील तेव्हा दाखवीन.

आपला,
सेलूचा एक निवृत्त शिक्षक