हातातलं शिक्षण कागदावर आणा

पांढुर्णा-सौसरच्या संत्राबागांत वर्षानुवर्षं राबलेल्या माणसाशी बोलून पाहा. जंबेरीच्या खुंटावर डोळा कसा बांधायचा, आंबिया बहार धरण्यासाठी पाणी कधी तोडायचं, झाडाची पानं किती मलूल झाली की ताण पुरे झाला समजायचं, खोडातून डिंक ओघळू लागला तर काय करायचं, हे सगळं तो सहज सांगतो. कृषी महाविद्यालयात हाच अभ्यासक्रम असतो. आणि हाच माणूस फॉर्मवर ‘शिक्षण’ या रकान्यापाशी आला की पेन थांबतं. ‘नववी नापास’ लिहून तो मान खाली घालतो. बोरगावच्या कारखान्यात पंधरा-वीस वर्षं मशीन सांभाळणाऱ्या फिटरचं तेच, घरी शिवणकाम करून लेकरं शिकवणाऱ्या ताईंचंही तेच.

तुम्हा सगळ्यांना मला एक सांगायचं आहे. तुमचं हे ज्ञान मोजून घेण्याची सोय आता देशाच्या नियमांत आहे. तिची चौकशी करा आणि तिचा फायदा घ्या.

एप्रिल 2023 मध्ये राष्ट्रीय क्रेडिट आराखडा जाहीर झाला. शाळा, कॉलेज, कौशल्य प्रशिक्षण आणि कामाचा अनुभव या सगळ्यांना त्याने एकच माप लावलं. साधारण 30 तासांच्या शिक्षणाला 1 क्रेडिट आणि पूर्ण वर्षाला 40, म्हणजे तीन वर्षांच्या पदवीला 120. संबंधित कामाचा दीर्घ अनुभव असेल तर मिळालेल्या क्रेडिटला जास्त वजन देण्याची, अगदी दुपटीपर्यंत नेण्याची तरतूदही त्यात आहे. पण एक अट पक्की आहे: मूल्यांकनाशिवाय क्रेडिट नाही. वीस वर्षं काम केलं एवढं सांगून भागत नाही, ते करून दाखवावं लागतं. मला ही अट रास्त वाटते. ज्याला खरोखर येतं त्याला परीक्षेचं भय कशाला?

या परीक्षेला सरकारी भाषेत ‘पूर्वज्ञानाची मान्यता’ म्हणतात, कार्यालयात ‘आरपीएल’ म्हणून विचारा. 2015 साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेत ती आहे. थोडी उजळणी होते, मग परीक्षक समोर काम करायला लावतो, तोंडी प्रश्न विचारतो. माळी, शिंपी अशा अनेक कामांसाठी ती ठरलेली आहे. योजनेतून होत असेल तर उमेदवाराने फी भरायची नसते, कुणी मागितली तर तिथून उठा. प्रश्न कोणत्या भाषेत येणार, हेही आधीच विचारून घ्या. आपल्याकडे घरात मराठी आणि कागदावर हिंदी चालते. एका शब्दावर अडून येणारं उत्तर चुकू नये.

आता कडू गोष्ट. आरपीएलचं प्रमाणपत्र म्हणजे पदवी नव्हे. त्यातले क्रेडिट पदवीत धरायचे की नाही, किती धरायचे, हे विद्यापीठ ठरवतं, आणि अशी वाट सगळीकडे मोकळी झालेली नाही. शिवाय कॉलेजात शिरायला बारावी लागते. म्हणून शाळा अर्धवट सुटली असेल तर आधी तिकडे वळा. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेत, म्हणजे एनआयओएसमध्ये, वयाची वरची मर्यादा नाही. एकदा नाव नोंदवलं की पाच वर्षांत जमेल तसे विषय देता येतात. आधीच्या मंडळात पास झालेले विषय नियमात बसत असतील तर दोनपर्यंत धरले जातात, आणि दहावी मराठी माध्यमातूनही देता येते. याच संस्थेने आशा कार्यकर्त्यांच्या प्रमाणपत्रासाठीही परीक्षा घेतल्या आहेत. गावोगाव बाळंतिणी आणि तान्ही मुलं सांभाळून आलेलं ज्ञान तिथे तपासलं जातं. आशाताई, तुमच्या बाबतीत ही चौकशी लांबवू नका.

बारावी झालेल्यांनी अॅकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्समध्ये खातं उघडून ठेवावं. 2021 पासून ही सोय आहे आणि डिजिलॉकरमधून खातं निघतं. क्रेडिट तिथे सात वर्षांपर्यंत जमा राहतात, त्यामुळे शिक्षण मध्येच थांबवून पुन्हा सुरू करता येतं. फक्त आधार, शाळेचा दाखला आणि गुणपत्रिका यांवरचं नाव अक्षरन्‌अक्षर एक आहे का, ते आजच पाहा. मराठीतलं नाव हिंदीत आणि मग इंग्रजीत जाताना बदललं, तर पुढे हेलपाटे पडतात.

कामाचे पुरावेही जमवायला लागा. शिवलेल्या कपड्यांचे फोटो, रोपवाटिकेची बिलं, हजेरीच्या नोंदी, मालकाचं पत्र. अनुभव किती वर्षांचा, हा प्रश्न येणारच आहे.

आणि कळकळीने सांगतो, ‘अनुभवावर घरबसल्या पदवी’ विकणाऱ्यांच्या दारात जाऊ नका. 1956 च्या विद्यापीठ अनुदान आयोग (यूजीसी) कायद्याप्रमाणे कायद्याने स्थापन झालेलं विद्यापीठ किंवा अधिकार मिळालेली संस्थाच पदवी देऊ शकते. यूजीसी बनावट विद्यापीठांची यादी स्वतः जाहीर करते. पैसे देण्याआधी ती यादी कॉलेजात शिकणाऱ्या मुलीकडून, भाच्याकडून मोबाइलवर उघडून घ्या. दूरशिक्षण असेल तर त्या अभ्यासक्रमाला त्या वर्षाची मान्यता आहे का, तेही पाहा. गरिबाची साठवण अशा कागदावर गेली की परत येत नाही.

फ्रान्समध्ये 2002 च्या कायद्याने कामाच्या अनुभवावर परीक्षकांपुढे बसून पदवी मिळवण्याचा हक्क दिला. तिथल्या कामगाराला जे मिळतं, ते इथल्या बागवानाला का मिळू नये? पांढुर्णा आणि सौसरच्या कॉलेजांतल्या प्राध्यापकांना म्हणूनच माझी विनंती आहे. आपली कॉलेजं छिंदवाड्याच्या राजा शंकर शाह विद्यापीठाशी जोडलेली आहेत. पूर्वज्ञानाचे क्रेडिट कोणत्या विषयात, किती आणि कोणत्या परीक्षेनंतर धरणार, हे विद्यापीठाला लेखी विचारा. फलोत्पादनापासून सुरुवात करा, त्यातले जाणते तर कॉलेजच्या कुंपणापलीकडेच काम करत आहेत. उत्तर आलं की ते ग्रामपंचायतीच्या फलकावर मराठीत आणि हिंदीत लावा.