तारेवरची कसरत आणि जमिनीवरची

दर वर्षी जानेवारी उजाडला की वृत्तपत्रांच्या पुरवण्यांतून एक ठरावीक लेख अवतरतो. शीर्षक बदलते, सोबतचे छायाचित्र बदलते. मजकूर मात्र तोच. नोकरी, संसार, मुलांच्या परीक्षा, सासूसासऱ्यांची औषधे अशी 'तारेवरची कसरत' करणाऱ्या वाचकाला (खरे तर वाचिकेला) पहिल्या परिच्छेदात सहानुभूती मिळते आणि दुसऱ्यात उपदेश: स्वतःसाठी रोज फक्त अर्धा तास काढा, वजन आपोआप उतरेल, मनात आणले तर काय अशक्य आहे! जिच्या दिवसाला 'कसरत' म्हटले, तिच्यावरच कसरत न केल्याचा ठपका ठेवला जातो, आणि ही विसंगती ना लेखकाला खटकते ना संपादकाला. आम्ही मराठी शिकवणारी, चाळिशीत वावरणारी माणसे आहोत. शब्द नीट वाचणे हा आमचा व्यवसाय, म्हणून आम्हांला ती खटकते. आमचे म्हणणे आरंभीच मांडतो. व्यायामाला वेळ नसणे हा इच्छाशक्तीचा प्रश्न फार थोड्यांच्या बाबतीत असतो. बहुतेकांच्या बाबतीत तो वाटपाचा प्रश्न असतो. तो इच्छाशक्तीचाच असल्याचे भासवणारी भाषा अप्रामाणिक आहे.

'वेळ काढणे' हा प्रयोग घ्या. विहिरीतून पाणी काढतात, कणगीतून धान्य काढतात, बँकेतून पैसे काढतात. प्रत्येक ठिकाणी साठा आधी असतो आणि त्यावर काढणाऱ्याचा काही अधिकार असतो. वेळेचा असा साठा कोणाजवळ आहे? चोवीस तास सर्वांना सारखेच, हे उत्तर फळ्यावरच्या सुविचारात शोभते. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या २०२४ च्या वेळ-वापर सर्वेक्षणानुसार बिनपगारी घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यासाठी दिवसाला सरासरी २८९ मिनिटे देतात आणि ते करणारे पुरुष ८८ मिनिटे. मुलांची व वृद्धांची देखभाल यात धरलेली नाही. २०१९ साली हेच आकडे २९९ आणि ९७ होते. म्हणजे पाच वर्षांत दोहोंतले अंतर २०२ मिनिटांवरून २०१ मिनिटांवर आले. प्रगती झालीच नाही, असे कोण म्हणेल?

या आकड्यांसमोर 'अर्धा तास काढा' हे आज्ञार्थी वाक्य ठेवून पाहावे. कशातून काढा, कोणाच्या वाट्यातून काढा, हे त्यात कोठेच नाही. व्याकरणाच्या भाषेत सांगायचे तर या वाक्यातून अपादान गाळलेले आहे. सकाळी सहाला पर्वती किंवा हनुमान टेकडी चढणाऱ्या गृहस्थांच्या शिस्तीचे कौतुक आम्हांलाही आहे; पण त्याच वेळी त्यांच्या घरात कोणीतरी कणीक मळत असते आणि डबे भरत असते. त्यांचा तास आकाशातून पडलेला नाही. तो दुसऱ्या कोणाच्या तरी पहाटेतून आलेला आहे. त्याला शिस्त म्हणावे आणि ज्या व्यक्तीच्या पहाटेतून तो आला तिला आळशी म्हणावे, हा न्याय कोणता?

यावर एक हुकमी उत्तर येते: पूर्वीच्या बायका कुठे व्यायाम करत होत्या? दळणकांडणातच त्यांचा व्यायाम होत असे! साहित्याच्या विद्यार्थ्याने तरी हे वाक्य ऐकून गप्प राहू नये. गी पॉइटेव्हिन आणि हेमा राईरकर यांच्या प्रयत्नांतून महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांतल्या एक लाखाहून अधिक जात्यावरच्या ओव्या संकलित झाल्या. त्यांत माहेर आहे, विठ्ठल आहे, भाऊ आहे आणि कष्टाने शिणलेला देहही आहे. दळणाऱ्या बाईने जात्याकडे आरोग्याचे साधन म्हणून पाहिल्याचे आमच्या वाचनात नाही. मराठीत 'कष्ट' आणि 'व्यायाम' हे दोन वेगळे शब्द आहेत, ते उगाच नव्हेत. हालचाल सारखी दिसली तरी व्यायाम कधी थांबवायचा हे करणाऱ्याच्या हाती असते; कष्ट संपतात ते काम संपल्यावर. ओट्यापाशी तीन तास उभे राहिल्याने पाय भरून येतात, पण दम लागत नाही. शरीर दमते, सशक्त होत नाही. पोटासाठी केलेली अंगमेहनत फुरसतीतल्या व्यायामाइतकी हृदयाला लाभत नाही, असे काही अभ्यासही सांगतात. त्यावर तज्ज्ञांत वाद आहे, तो त्यांनी सोडवावा. 'कसरत' या शब्दाच्या मुळाशी असलेल्या अरबी शब्दाचा अर्थ पुष्कळपणा, बाहुल्य. तारेवरच्या कसरतीत आज उरला आहे तो तेवढाच अर्थ.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे आणि त्याला सरळ उत्तर दिले पाहिजे. तुमच्या या विवेचनाने मधुमेह टळतो काय? टळत नाही. भारतीयांमध्ये तो तुलनेने कमी वजनातही जडतो. म्हणून तर वजन आणि उंचीच्या गुणोत्तराची जी धोक्याची रेषा जगात साधारणतः २५ वर आखतात, ती आपल्याकडे २३ वर आणली आहे. शिक्षककक्षातल्या डब्यांशेजारी गोळ्यांच्या पट्ट्या आम्ही रोज पाहतो. व्यायाम हवाच. म्हणूनच त्याच्याविषयी खोटे बोलू नये असे आम्हांला वाटते.

पहिले खोटे असे, की व्यायामाने वजन झपाट्याने उतरते. अर्धा तास झपझप चालण्याने अदमासे सव्वाशे ते दीडशे उष्मांक खर्च होतात. एका वडापावात त्याच्या दुपटीच्या आसपास असतात. वजन उतरवण्यात मोठा वाटा आहाराचा. व्यायामाचे लाभ वेगळे आहेत: रक्तातली साखर, रक्तदाब, झोप, स्नायूंचे बळ, आणि काटा जागचा हलला नाही तरी ते मिळतात. वजन आणि व्यायाम यांची जोडगोळी पुरवणीवाल्यांनी इतकी घट्ट बांधली आहे, की महिनाभरात काटा हलला नाही की माणूस चालणेच सोडतो. दुसरे खोटे दहा हजार पावलांचे. हा आकडा १९६५ साली जपानमध्ये विक्रीस आलेल्या एका पाऊलमापकाच्या नावातून जगभर पसरला. तो वैद्यकाच्या प्रयोगशाळेतून आलेला नाही. तिसरे खोटे, सलग अर्धा तास नसेल तर सारे व्यर्थ. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम हालचाल आणि दोन दिवस स्नायूंचे व्यायाम सांगतात. सलग दहा मिनिटांची जुनी अट त्यांनी काढून टाकली आहे. दोन तासिकांमध्ये जिन्याने वर जाणेही जमेस धरले जाते. वेळ नसलेल्या माणसाला खरा दिलासा देणारी ही बातमी पुरवण्यांतून क्वचितच भेटते, कारण तीतून ना यंत्र विकले जाते ना वर्गणी.

व्यायाम हा ज्याचा त्याचा खाजगी प्रश्न आहे, ही समजूतही फार जुनी नाही. अमरावतीचे श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ साली निघाले, पुण्याचे महाराष्ट्रीय मंडळ १९२४ साली. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी संस्थानातल्या शाळांत सूर्यनमस्कार रुजवले. त्यांमागच्या राष्ट्रवादी आवेशाची, तालमींतल्या पुरुषी वातावरणाची चिकित्सा अवश्य करावी. परंतु व्यायामाला मैदान लागते, शिक्षक लागतो, ठरलेली वेळ लागते आणि हे सर्व समाजाने पुरवायचे असते, एवढे त्या पिढीला कळत होते. आम्ही मैदानावर वाहनतळ केले आणि व्यायामाची जबाबदारी प्रत्येकाच्या मनोनिग्रहावर टाकून मोकळे झालो.

आमच्याच क्षेत्रापुरते बोलू. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या विनियमांत पूर्णवेळ शिक्षकाचा आठवडा किमान चाळीस तासांचा आहे. त्यांत सहायक प्राध्यापकाचे प्रत्यक्ष अध्यापन सोळा तासांचे. उरलेले तास वाचनात जात असते तर तक्रार नव्हती. ते मूल्यांकनाच्या धारिका भरण्यात जातात आणि पुरले नाहीत की घरी येतात. तासिका तत्त्वावर दोन गावांतल्या दोन महाविद्यालयांत शिकवणाऱ्या आमच्या सहकाऱ्यांना तर एसटीतल्या तासांचा मोबदलाही नाही. त्यांना 'जीवनशैली' बदलायला सांगणे ही क्रूर थट्टा आहे. शैली निवडायला आधी पर्याय लागतो, हे आम्ही शैलीविज्ञानाच्या तासाला शिकवतोच की!

तेव्हा मागण्या साध्या आहेत. महाविद्यालयाचा जिमखाना आणि मैदान तासिकांच्या वेळापत्रकात बसेल अशा वेळी शिक्षक आणि शिक्षकेतर, स्त्री आणि पुरुष, सर्वांना खुले असावे. कार्यालयीन काम कार्यालयीन वेळेत संपावे. शहरात पदपथ चालणाऱ्यांसाठी मोकळे असावेत. आणि घरातल्या २०१ मिनिटांच्या अंतराविषयी प्रत्येक टेकडीवीराने घरी परतल्यावर आपल्या स्वयंपाकघरात उभे राहून विचार करावा. जमल्यास कणीक मळता मळता. मनगटाला तो व्यायामही होईल.

आणि वाचकहो, यंदाच्या जानेवारीत तो लेख हाती पडला, तर वजनाच्या काट्यावर चढण्यापूर्वी त्यातल्या एका वाक्यापाशी थांबा. 'वेळ काढा' असे तेथे लिहिलेले असेलच. समासात पेन्सिलीने एवढेच लिहा: कोणाच्या?